माझ्या जन्माच्या सहा वर्षे आधी वारलेले वडील

नमो बुद्धाय.

मी, विष्णू किसन रणपिसे, वय पंचाहत्तर पूर्ण, जन्म-मृत्यू नोंदणीचा सेवानिवृत्त कारकून, राहणार परदेशीपुरा, इंदूर, आज स्वखुशीने, शुद्धीवर असताना आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर हे मृत्युपत्र लिहितो. गुडघे कामातून गेले आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. अनीश वाघमारे यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. मुलगा ज्ञानदीप याने एकदा दाब आणून पाहिला होता. ती हकिगत कलम चारमध्ये येईल.

अशा कागदात पहिल्याच ओळीत वडिलांचे नाव लागते आणि तिथेच माझे गाडे अडले. माझे वडील किसन हे सरकारी दप्तराप्रमाणे ९ फेब्रुवारी १९४४ रोजी ब्रह्मदेशातील आराकानच्या आघाडीवर, लष्करी इस्पितळात हिवतापाने मयत झाले. माझा जन्म १२ मार्च १९५०चा. दोन्ही नोंदी सही-शिक्क्याच्या आहेत आणि दोन्ही माझ्या फायलीत एकाच पिनेला लावलेल्या आहेत. याच वडिलांनी मला सायकल शिकवली, गिरणीतून येताना कागदात बांधून जिलबी आणली, आणि १९७९ साली माझ्या मांडीवर डोके ठेवून ते गेले. म्हणून मी त्यांचे नाव लावतो. ज्यांना शंका असेल त्यांनी पुढे वाचावे.

आमचे वकील ॲड. यशवर्धन शिर्के यांचे म्हणणे होते, "काकाजी, हिंदीत टाइप करून टाकू, रजिस्ट्रार साहेबाला पण सोपं पडेल. आणि भावना-वावना मृत्युपत्रात नसतात लिहायच्या." मुलगा गुणी आहे, फीसुद्धा अर्धीच घेतो. पण हे प्रकरण ज्या दोन बायकांचे आहे त्या मराठीत बोलत आणि मराठीतच गप्प बसत. त्यामुळे मराठीतच लिहिणार, आणि भावना जिथे येतील तिथे येऊ देणार.

कलम एक. परदेशीपुऱ्यातील दोन खोल्यांचे घर, मागील मोरी व गच्चीसह, मुलगा ज्ञानदीप यास मिळावे. विजय नगरात त्याचा सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, तो इथे राहायला येणार नाही हे मला कळते. विकायचे असेल तर विकावे, माझी ना नाही. फक्त दारावरची "कि. रणपिसे" ही पितळी पाटी काढून घ्यावी. वडिलांनी ती गिरणीतल्या फिटरकडून कोरून घेतली होती आणि दर रविवारी ते चिंचेने घासत. जिवंत असल्याचा तेवढा एकच पुरावा ते बाळगत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पोस्टातील सर्व ठेव नात संबोधी हिला मिळावी. तिची वकिली या वर्षी पुरी होते आणि पुढची दोन-चार वर्षे तिला कुणी अशील मिळणार नाही. या ठेवीतून कलम सहामधील दगडाचा खर्च आधी व्हावा.

कलम दोन. माझी शाईची पेने, भिंग, लाकडी फूटपट्टी आणि टीपकागदाचा रूळ हे सर्व माझे कचेरीतील सोबती श्रीराम पुराणिक यांस आजच देऊन टाकले आहे, कारण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणतात. त्यांचे अक्षर माझ्याहून चांगले होते. हे मी चौतीस वर्षे मान्य केले नाही, आता करतो. शेजारचे अप्पासाहेब भालेराव यांनी १९९८ साली कूलर असा बसवला की त्याचे सगळे पाणी आमच्या भिंतीत मुरते. त्यावरून आमचे सत्तावीस वर्षे वाजत आले. माझी मोठी काळी छत्री त्यांना द्यावी. पत्नी यशोधरा आजारी होती तेव्हा याच अप्पासाहेबांनी तीन महिने रोज सकाळी न सांगता दूध आणून ठेवले. भिंतीची ओल आणि ते दूध, दोन्ही मला आठवते. तक्रार मागे घेतली असे समजावे.

कलम तीन. हे कलम मालमत्तेचे नाही. मालव्यातल्या एका नगरपालिकेत मी चौतीस वर्षे जन्म-मृत्यूच्या खिडकीपलीकडे बसलो. समोरचा माणूस सांगे ते लिहायचे आणि एकदा लिहिले की तेच खरे मानायचे, हा माझा धर्म होता. लोक रडकुंडीला येऊन म्हणत, साहेब, नाव चुकलंय. मी म्हणे, कागद खोटं बोलत नाही. एक बाई मुलाच्या दाखल्यावरचे बापाचे नाव दुरुस्त करायला तीनदा आली. तिच्या हिशेबाने आणि दाखल्याच्या हिशेबाने बाप वेगळे होते. मी चष्म्यावरून तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की ती चौथ्यांदा आली नाही. तिचे नाव मला आठवत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. ती किंवा तिचा मुलगा हे वाचेल अशी आशा नाही, तरी माफी मागतो. ज्या नजरेने मी तिच्याकडे पाहिले त्याच नजरेने पुढे मला माझ्या आईकडे पाहावे लागले.

कलम चार. महूच्या बाहेर, जुन्या रस्त्याला लागून, चाळीस बाय साठ फुटांची मोकळी जागा आहे. लढाईत मेलेल्या सैनिकाच्या कुटुंबाला म्हणून ती माझी आई गयाबाई किसन रणपिसे हिच्या नावे मिळाली. ही जागा कुणाची, हे सांगायला मला आमच्या घराण्याची हकिगत सांगावी लागेल. माणसे थोडीच आहेत.

आजोबा पलटणीतून पेन्शन घेऊन महूला राहिले. त्यांना दोन मुलगे, थोरला किसन आणि धाकटा तुकोजी. किसनची बायको गयाबाई, हे माझे आईवडील. तुकोजीची बायको गंगूबाई, हे माझे काका-काकू. त्यांची एकच मुलगी मनोरमा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणतो. घरात सगळ्यांना माहीत होते की तुकोजी काका लढाईत गेला. काकू छत्रीबागेत एका खोलीत विड्या वळून राहायची. एवढे आम्ही घरी ऐकत आलो.

यातल्या एका गोष्टीचे आम्हाला नेहमी हसू यायचे. वडील महूला कधीच जात नसत. चौदा एप्रिलला आमची सगळी गल्ली पांढरे कपडे घालून, निळे झेंडे घेऊन महूला निघे, आणि वडील दारात उभे राहून सगळ्यांना निरोप देत. तुम्ही का येत नाही म्हटले की म्हणत, "तिथे मी मेलोय." त्यांना खूपच आग्रह झाला की दोन घास जास्त खाऊन झोपून जात. जन्मभर बाबासाहेबांचा फोटो उशाशी ठेवणारा माणूस सव्वा तासावरच्या महूला गेला नाही, याला आम्ही विक्षिप्तपणा म्हणत आलो.

सन २००९ मध्ये ज्ञानदीपने विजय नगरचा फ्लॅट घेतला. सामान हलवताना आईची पत्र्याची पेटी सगळ्यांसमोर उघडली आणि त्यात पेन्शनचे पुस्तक निघाले. मयत शिपाई किसन, विधवा गयाबाई, मुलगी मनोरमा, असे त्यात लिहिलेले. फोटोत माझी आई, कपाळ मोकळे. फ्लॅटच्या गृहप्रवेशाला जेवणाच्या पंगतीत मनोरमाताई उभी राहिली आणि म्हणाली, "लढाईत गेला माझा बाप. पेन्शन खाल्ली तुझ्या आईने. आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर बाप म्हणून किसन का लिहिलंय, ते पण आज समजलं. माझ्या बापाचं नावच तुम्ही लोकांनी पुसून टाकलं."

मी कागदाचा माणूस. कागदावर माझ्या आईचेच नाव होते. कोंडीत सापडला की माणूस जे करतो ते मी केले. आमच्या लहानपणी छत्रीबागेच्या गल्लीत कुजबुज होती की गंगूबाई विधवा असून घरात कुंकवाचा करंडा ठेवते. मी भर पंगतीत म्हणालो, "तुझ्या आईच्या घरात करंडा कशाला होता, ते आधी सांग." ताईच्या हातात ताट होते. तिने ते खाली ठेवले आणि निघून गेली. तिची मुलगी निशिगंधा तिच्या मागे धावली. त्यानंतर पंधरा वर्षे आम्ही एकमेकांचे तोंड पाहिले नाही. जन्मात मी बोललेले सर्वांत वाईट वाक्य ते, आणि तेही अगदी स्पष्ट उच्चारात.

मागच्या वर्षी संबोधीने घराण्याची वंशावळ करायला घेतली. तिने पलटणीच्या दप्तराला अर्ज केला. सात महिन्यांनी जाड लिफाफा आला. तो घेऊन ती माझ्या कॉटवर बसली.

"आजोबा, एक बात सांगा. तुमचा जन्म फिफ्टीचा ना?"

"हो."

"मग हे कसं? पणजोबा तर फोर्टी-फोरमध्येच गेले. इथे साफ लिहिलंय. मतलब गडबड कुठे आहे?"

मी तिला म्हणालो, कागद ठेव आणि घरी जा. पेन्शनचे पुस्तक मी पाहिले होते, पण त्यात मृत्यूची तारीख नव्हती. मी मनाची समजूत घातली होती की कुणातरी कारकुनाने दोन भावांची गल्लत केली असेल. आता तारीख समोर होती. नवरा गेल्यावर सहा वर्षांनी बाईला मूल झाले, अशा नोंदी माझ्या खिडकीवर आल्या होत्या, आणि तेव्हा मी काय चेहरा करत असे ते मला माहीत होते. पंचाहत्तरीला टेकलेला मी आपल्या मेलेल्या आईला मनातल्या मनात प्रश्न विचारत होतो. त्या दोन दिवसांची मला अजून शरम वाटते.

तिसऱ्या दिवशी कारकून जागा झाला. मी भिंग घेऊन सगळे कागद पहिल्यापासून वाचले. भरतीच्या कागदाला आजोबांची चिठ्ठी टाचलेली होती: माझा थोरला मुलगा किसन, पत्नी गयाबाई, यास पलटणीत घ्यावे. जुन्या पेन्शनराच्या अशा चिठ्ठीवर एका मुलाला, तेही थोरल्याला, घेत. खाली भरती झालेल्या माणसाचे वर्णन होते. उंची पाच फूट आठ इंच. नजर उत्तम. डाव्या भुवईवर जखमेचा व्रण.

माझे वडील पाच फूट तीन इंच होते. त्यांच्या डोळ्यांना लहानपणापासून खुपऱ्या, वैद्यकीय तपासणीत ते पहिल्याच मिनिटाला बाहेर पडले असते. आणि भुवईच्या व्रणाची गोष्ट मी त्यांच्याच तोंडून कितीदा ऐकली होती. विटीदांडू खेळताना त्यांची विटी तुक्याच्या डाव्या भुवईवर बसली आणि आजोबांनी दोघांनाही झोडपले. चिठ्ठी एकाची होती आणि डोळे दुसऱ्याचे चांगले होते. घरात खाणारी तोंडे बरीच होती. तुकोजी काका किसन होऊन पलटणीत गेला, किसन होऊन मेला, आणि तार आली ती माझ्या आईच्या नावाने, तिचा नवरा शेजारच्या खोलीत बसलेला असताना. हे कुणी ठरवले, किती रडले, ते कुठल्याच कागदात नाही. खरे सांगितले असते तर खोट्या नावाने भरती झाली म्हणून काकूला काहीच मिळाले नसते आणि आजोबांवर खटला झाला असता. एवढे मात्र कळते. वडील महू सोडून इंदूरच्या गिरणीत का आले आणि परत तिकडे का गेले नाहीत, तेही.

मग पेन्शन कुणी खाल्ली? याचे उत्तरही त्याच लिफाफ्यात होते, पण ते कारकुनालाच दिसावे. शेवटची नोंद होती: मार्च १९८१ पासून निवृत्तीवेतन उचललेले नाही, कारण अज्ञात. माझी आई १९८४ साली गेली. शेवटची तीन वर्षे ती धडधाकट होती, जिने चढत होती. जिवंतपणी पेन्शन सोडून देणारा माणूस मी नोकरीत एकही पाहिला नाही. आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये कोण वारले हे पाहायला मला कागद लागला नाही. गंगूकाकूला आम्हीच पोचवले होते.

आता माझी एक आठवण. मी सहा-सात वर्षांचा असताना आई दर महिन्याला मला घेऊन छोट्या गाडीने महूला जायची. स्टेशनावरच्या नळाखाली ती कपाळ धुवायची, मंगळसूत्र पोलक्यात टाकायची आणि हिरव्या बांगड्या काढून माझ्या खिशात द्यायची. का म्हणून विचारले तर सांगे, तिथल्या साहेबाला आवडत नाही. मला तो साहेब फार दुष्ट वाटे. परतताना आम्ही सरळ घरी येत नसू, आधी छत्रीबागेत काकूकडे जात असू. तिथे मला मूठभर शेव देऊन बाहेर खेळायला पिटाळत. थोड्या वेळाने आई बाहेर येई तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू असे. मधे काय होत असे ते मी पाहिलेले नव्हते. ते पाहिलेले एकच माणूस हयात होते आणि ते माझ्याशी बोलत नव्हते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी रिक्षा करून छत्रीबागेत गेलो. दार ताईनेच उघडले.

"कोण?"

"मी विष्णू."

"मी कुठल्या विष्णूला ओळखत नाही," ती म्हणाली, आणि कडी काढली. "चप्पल बाहेर काढ. आत्ताच पोछा लावलाय."

मी बसलो. बोलायचे सगळे ठरवून गेलो होतो, ते बाजूला ठेवले. मी एवढेच विचारले, "ताई, महूहून येताना आई तुमच्याकडे यायची. मला बाहेर पाठवायचे. आत काय व्हायचं?"

तिने पंखा बारीक केला आणि समोर बसली.

"माझी आई दार लावून घ्यायची," ती म्हणाली. "एकच तर खोली होती, मी कुठे जाणार. काकूला, म्हणजे तुझ्या आईला, पाटावर बसवायची. ओल्या फडक्याने कपाळ पुसायची आणि करंड्यातलं कुंकू लावायची. स्वतःला नाही रे, काकूला. बांगड्या पण तीच भरायची. दोघी काही बोलायच्या नाही. फिर चाय."

"तुला कधी विचारावंसं नाही वाटलं?"

"विचारलं ना. म्हटलं, काकूचं कपाळ रिकामं का असतं. आई म्हणाली, उन्हात घामाने जातं. मला वाटायचं, काकू सवाष्ण आहे, आई तिचा मान करते. तो करंडा त्याच्याचसाठी होता. दुसऱ्या कुणाच्या कपाळाला कधी लागला नाही."

"आणि पैसे?"

"पैसे गादीखाली असायचे. कुठून आले म्हटलं की आई सांगायची, तुझ्या बापाने पाठवले. मी मोठी झाल्यावर मला राग यायचा. मेलेला माणूस पैसे कसा पाठवेल? वाटायचं, आई काहीतरी लपवतेय." ती माझ्याकडे वळली. "विष्णू, तेव्हा पंगतीत तू ते बोललास ना, मला वाटलं, शायद खरंच असेल. पंधरा साल मी माझ्या आईला मनात बोल लावला."

मी खिशातून कागद काढले आणि तिला भुवईचा व्रण वाचून दाखवला. तिने भिंतीवरचा फोटो काढून आणला. वर्दीतला तरुण, डाव्या भुवईत केस तुटलेले. तीन महिन्यांची असताना तिचा बाप गेला, तिने त्याला कधी पाहिले नाही. तिने पदराने काच पुसली आणि म्हणाली, "म्हणजे खरंच पाठवले यानेच."

आम्ही दोघेही रडलो. मी तिच्या पायाला हात लावला. तिने डोक्यावर हात ठेवला आणि मग पाठीत एक धपाटा घातला, तोही जोरात. मग फळीवरच्या डब्यांमागून पितळी करंडा काढून माझ्या हातात दिला. तळाशी सुकलेले कुंकू अजून होते.

माझ्या आईने दर महिन्याला, सदतीस वर्षे, जित्या नवऱ्याची विधवा होऊन जावेसाठी अंगठा दिला. त्या काळच्या बाईला हे काय वाटले असेल, ते मला पुरते समजणार नाही. आणि माझ्या काकूने, जिला स्वतःला कुंकू उरले नव्हते, दर महिन्याला आपल्या हाताने ते जावेला परत लावले आणि मगच तिला घरी पाठवले. गल्लीने एकीला लबाड म्हटले आणि दुसरीला बदफैली. दोघींनी ऐकून घेतले. कायद्याने ही लबाडी आहे, हे मी कारकून म्हणून कबूल करतो. मुलगा म्हणून माझी मान या दोघींपुढे कायमची लवलेली आहे. अशा बायकांच्या घरात वाढलो, याहून मोठे भाग्य मला या जन्मी काही मिळाले नाही.

आता जागा. आई तिथे कधी एक वीट रचू देत नसे. दर वर्षी कुंपण मात्र दुरुस्त करून घेई आणि म्हणे, "ती आपली नव्हे, राखायची आहे." आम्हाला वाटे, जागेवर काही बाधा आहे असे तिला वाटते. आता तिथे भाव चढले आहेत. ज्ञानदीप म्हणाला, "बाबा, रजिस्ट्री आजीच्या नावाची. आजीचे वारस आपण. मग प्रॉब्लेम काय आहे?" महिनाभर त्याने हा दाब चालू ठेवला. मी त्याला गाडी काढायला लावली, मनोरमाताईला सोबत घेतले आणि महूला गेलो. ताईने माझ्या आईने लावलेल्या कडुलिंबाला हात लावला आणि कुंपणाच्या कडेने एक फेरी मारली. परतताना ज्ञानदीप गाडी चालवत म्हणाला, "आत्या, कागद मी करवून देतो, तुम्ही टेन्शन नका घेऊ." पोरगा माझा आहे, वाईट निघणार नव्हताच.

तर कागदाप्रमाणे मनोरमा ही गयाबाईची मुलगी, म्हणून निम्म्या जागेची वारस आधीच आहे. आणि खरे पाहता सगळी जागा तिच्याच बापाच्या मरणाची आहे. म्हणून माझ्या वाट्याला येणारा निम्मा हिस्साही मी तिला देतो. मी हयातीतच देणार होतो. ती म्हणाली, "तू गेल्यावर बघू. मी तुझ्याहून मोठी आहे, आधी माझा नंबर आहे." तिचा नंबर आधी लागला, तर हा हिस्सा निशिगंधा हिला मिळावा. यावर माझ्या मुलाने वा नातीने कुठलाही दावा करू नये.

कलम पाच. वंशावळीबाबत संबोधीस सूचना. हे सगळे कळल्यावर तिने किसनच्या चौकटीतली मृत्यूची तारीख खोडायला पेन्सिल काढली होती. खोडू नकोस, बेटा. दप्तरातली तारीख तशीच राहू दे, तिच्याखाली घरातली लिही, आणि दोन्हींपुढे कुणी सांगितले, केव्हा आणि कशासाठी, ते लिही. कागदात व्रण सापडला नसता तर आठवण अपुरी होती आणि ताईने करंड्याचे सांगितले नसते तर कागद अपुरा होता. नोंद म्हणजे कुणीतरी सांगितलेले, दुसऱ्या कुणीतरी लिहून घेतलेले. सांगणाऱ्याला भीती असू शकते आणि लिहिणाऱ्याला जेवायला जायचे असते. हे मी स्वानुभवाने सांगतो. दप्तराप्रमाणे मनोरमा माझी सख्खी बहीण ठरते. दप्तराची एवढी एक चूक मी जन्मभर पाळणार आहे.

पितळी करंडा एक वर्ष संबोधीकडे आणि एक वर्ष निशिगंधाकडे राहावा. अदलाबदल दर चौदा एप्रिलला महूच्या जागेत कडुलिंबाखाली व्हावी आणि त्या दिवशी दोन्ही घरांनी तिथेच एकत्र जेवावे. कुंकू कुणी लावो वा न लावो, तो मुद्दा नाही. करंडा रिकामा करून घासू मात्र नये.

कलम सहा. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने साधा व्हावा, भाषणे नकोत. माझ्या मृत्यूची नोंद करायला जो जाईल त्याने खिडकीवरच्या माणसाशी नीट बोलावे, आणि वडिलांचे नाव किसनच सांगावे. पुढच्या चौदा एप्रिलला दारातली "कि. रणपिसे" पाटी महूला न्यावी आणि त्या कडुलिंबाला बांधावी. माझ्या वडिलांना एकदा तरी महूला जाऊन यायचे आहे. शेजारी साधा दगड उभा करावा आणि त्यावर लिहावे: तुकोजी रणपिसे, १९४४ च्या लढाईत, भावाच्या नावाने वारले.

हे मृत्युपत्र अमलात आणायची जबाबदारी ॲड. यशवर्धन शिर्के यांच्यावर सोपवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वर लिहिलेले मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि चष्मा काढून पुन्हा एकदा आठवून पाहिले. दोन्ही जुळते.

स्थळ: परदेशीपुरा, इंदूर
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५

(सही) विष्णू किसन रणपिसे

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष मी सही केली आणि ज्यांनी माझ्या समक्ष केली:

१. (सही) श्रीराम गोविंद पुराणिक, सेवानिवृत्त कारकून
२. (सही) डॉ. अनीश वाघमारे

टीप, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर. सह्या चालू असताना मनोरमाताई निशिगंधासोबत आली आणि मलाही सही करायची म्हणाली. जिला मिळकत मिळते तिने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी समजावले. ती म्हणाली, "साक्षीदार नको, हजर म्हणून तर लिहा." तिने पेन हातात घेतले. मग एकेक अक्षर जुळवत सही केली. वकिलांनी वाकून पाहिले आणि हरकत घेतली, "आत्याजी, या नावाचा तुमचा एक पण कागद नाहीये. ना आधार, ना शाळेचा दाखला." ती म्हणाली, "आता आहे ना."

हजर:

(सही) मनोरमा तुकोजी रणपिसे, वय ब्याऐंशी